खबर कोणी दिली?

आमच्याकडे हेळवी यायचा. साताऱ्याच्या दक्षिणेला सुगी सरली की कर्नाटकातून त्याची गाडी यायची. चोपडी उघडून तो आजोबांपर्यंतच्या पिढ्या एका दमात म्हणायचा. पायलीभर ज्वारी घेऊन निघताना नव्या जन्मलेल्या मुलांची नावं लिहून घ्यायचा. मुलांची म्हणजे मुलग्यांची. पणजीचं नाव काय, असं मी त्याला लहानपणी विचारलं होतं. तो हसला. तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे.

सात-बारा, फेरफार, वारसनोंदी यांत मी फार रमलो नाही. तिथं माणूस दिसतो तो जमिनीपुरता. वतनाचे कागद त्याहून रंगतदार, कारण भाऊबंदकी पेटल्याशिवाय वंशावळ कोणी लिहूनच देत नसे. पण बायकांचा पत्ता तिथंही नाही. १८७४च्या वतन कायद्यात १८८६ साली भर पडली आणि शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर घरातल्या सगळ्या बायका वारसाच्या रांगेत पुरुषांच्या मागे गेल्या. मग कागदात त्यांचं नाव कशाला येतंय?

उरलं कोतवाल बुक. गाव नमुना १४. जन्ममृत्यूची ही वही पूर्वी फारसं कोणी उघडत नव्हतं. सप्टेंबर २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी सोन्याचे दिवस आले. तहसिलातल्या गठ्ठ्यांवरची धूळ झटकली गेली, हे उत्तमच झालं. खंत एवढीच, की बहुतेकांची नजर जातीच्या रकान्यावर थांबते. ‘कु.’ दिसलं की वही मिटली. त्या एका अक्षराच्या पलीकडे आख्खं गाव पडलेलं असतं.

वाचायला मात्र जिवावर येतं. आधी ओळ आखून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, ही मोडीची रीत. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही. त्यात जन्माच्या नोंदीत बाळाला पुष्कळदा नावच नसतं. बारसं व्हायच्या आत खबर गेलेली. बापाचं नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, संपलं. मरणाऱ्यांची वयं चाळीस, पन्नास, साठ. एकेचाळिसाव्या वर्षी आमच्या गावात कोणी मेलंच नाही जणू.

ही वयं सांगितली कोणी? लिहिणारा कुलकर्णी, पण त्याच्यापर्यंत खबर आणणारा बहुतेक वेळा वतनदार महार. मर्तिकाची बातमी परगावच्या सोयऱ्यांना पोचवणं हेही त्याचंच काम. ज्याला कुणाच्या उंबऱ्याला शिवू देत नव्हते, त्याच्या शब्दावर प्रत्येक घरातला जन्म आणि मृत्यू सरकारदरबारी खरा ठरत होता. अंगणाबाहेर उभं राहून आतलं रडणं ऐकायचं, अंदाजानं वय धरायचं आणि चावडीकडे चालू लागायचं. आपण वंशवृक्ष म्हणून भिंतीवर लावतो त्याची निम्मी पानं या माणसाच्या कानांनी टिपलेली आहेत. मी चाळलेल्या पानांवर खबर देणाऱ्याचं नाव कुठंच नाही. १९५८च्या कायद्यानं ते वतन गेलं, ते बरंच झालं.

ऑक्टोबर १९१८ची पानं मी तीन दिवस वाचत होतो. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. सप्टेंबरात मुंबईत भडकली आणि महिन्याभरात घाट चढून गावोगाव आली. पटकी, देवी, प्लेग यांना सरकारी नमुन्यात आपापली जागा होती, मानमोडीला नव्हती. मग सगळ्यांपुढे ‘ताप’. खाली नुसत्या रेघा, म्हणजे ‘सदर’. देशभरातल्या मृतांचा सरकारी अंदाज सव्वा कोटीच्या आसपास होता, आणि तोही नेहमीपेक्षा किती माणसं जास्त मेली हे मोजून काढावा लागला, कारण वह्यांमध्ये सगळीकडे हाच ‘ताप’. आमच्या पानावर सुरुवातीला अक्षर ठसठशीत आहे. पुढं बोरू घसरतो, जातीचा रकानाही कोरा राहू लागतो.

त्या घसरलेल्या अक्षरात पणजी सापडली. पणजोबांचं नाव, पुढे ‘याची बायको’, वय तीस, ताप.

चुलतभावाचा फोन आला. जात काय लिहिलीय? कोरी आहे म्हटल्यावर म्हणाला, मग ती नक्कल काढून उपयोग काय. मी तरी अर्ज केला. ‘कारण’ या रकान्यात ‘वंशावळ’ लिहिलं. कारकुनानं अर्ज वाचला, नोंद पाहिली आणि चष्मा वर करून विचारलं, “वंशावळीत हे पान कशाला लागतंय हो तुम्हाला?”