वाडीच्या शाळेतून थेट समुद्राच्या तळाशी! मोबाईलवरची ‘लाईव्ह सहल’ मुलांना शिकवते कशी?

कर्जत : शाळेची सहल म्हटलं की आधी गाडीभाड्याचा हिशोब होतो. ठाकुरवाडीसारख्या वस्तीवर रोजंदारीवर घर चालवणाऱ्या आईबापांना हे पैसे जुळवणं सोपं नाही. मग पोरगं मागे राहतं आणि किल्ला, समुद्र, कारखाना पुस्तकातल्या चित्रातच बघतं. यावर एक उपाय आपल्या खिशातच आहे. तो म्हणजे लाईव्ह सहल.

लाईव्ह सहल म्हणजे काय?

शास्त्रज्ञ किंवा शिक्षक एखाद्या ठिकाणी जातात, तिथलं त्याच क्षणी इंटरनेटवरून दाखवतात आणि मुलं वर्गात बसून त्यांना प्रश्न विचारतात. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आणि ही सहल यात फरक एवढाच की, इथे पुढे काय दिसणार हे दाखवणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणूनच पोरं टक लावून बघतात.

ही कल्पना जुनी आहे. १९८५ साली बुडालेलं टायटॅनिक जहाज शोधणाऱ्या पथकात रॉबर्ट बॅलार्ड होते. त्यानंतर त्यांना शाळकरी मुलांची हजारो पत्रं आली. मुलांची ही उत्सुकता बघून बॅलार्ड यांनी १९८९ मध्ये ‘जेसन’ प्रकल्प सुरू केला आणि समुद्रातली मोहीम उपग्रहामार्फत मुलांना थेट दाखवली.

आता त्यासाठी यूट्यूब पुरतं. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या खोल दरीत यंत्रमानव सोडला. ही दरी जवळपास ४ किलोमीटर खोल जाते, म्हणजे पाच माथेरान एकावर एक ठेवल्यासारखी. हे थेट चित्रण लाखो लोकांनी पाहिलं. बोलणं स्पॅनिशमध्ये होतं. अशा वेळी आपल्या शाळेत गुरुजींनी मराठीत सांगायला हवं.

परितेवाडीने करून दाखवलं

हे शहरातल्या शाळांचं काम, असं कुणी म्हणेल. पण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या मुलांना इंटरनेटवरून परदेशातल्या वर्गांशी जोडलं. घरच्या प्रयोगशाळेतून ते दुसऱ्या देशांतल्या मुलांनाही प्रयोग दाखवत. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे बघून त्यांनी पुस्तकातले धडे त्या भाषेत आणले आणि पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली.

नुसतं दाखवून भागत नाही

टीव्ही लावून दिला आणि गुरुजी दाखले लिहीत बसले, तर ती सहल नव्हे, करमणूक. शिकणं व्हायचं तर तीन गोष्टी लागतात.

आधी : दोन दिवस अगोदर नकाशात जागा शोधा. प्रत्येक मुलाने एक प्रश्न वहीत लिहावा.

चालू असताना : मध्येच थांबून विचारा, ‘आता काय होईल?’ प्रश्न पोरांनीच विचारावेत, ठाकरी बोलीत विचारले तरी चालेल. गुरुजी समोरच्याला समजावून देतील.

नंतर : पाहिलेलं चित्रात काढा आणि घरी सांगा.

खर्च आणि काळजी

व्हिडिओ ४८०पी वर ठेवला तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी नेट जातं. एकाच फोनवरून शाळेच्या टीव्हीवर दाखवलं की सगळ्यांचं भागतं. पावसात लाईट जाते, म्हणून फोन आधीच चार्ज करा. रेंज टेकाडावरच येत असेल तर तिथे व्हिडिओ डाऊनलोड करून आणा. ते लाईव्ह नसेल, पण प्रश्न विचारणं तेव्हाही चालतं. कॉल शिक्षकांच्याच फोनवरून करावा. मुलांचं पूर्ण नाव, पत्ता, नंबर अनोळखी माणसाला देऊ नये.

आपणही दाखवू शकतो

पहिल्या पावसात डोंगरावर शेवळं येतात. ती नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून आपल्या बाया त्यात आंबट काकडं घालतात. खाज का येते? शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. शहरातल्या किती मुलांना शेवळं ओळखता येतील? ठाकुरवाडीतली मुलगी फोन घेऊन डोंगरावर उभी राहिली, तर त्या दिवशी गुरुजी तीच आणि पुण्या-मुंबईचा वर्ग तिचा विद्यार्थी. वर्गात मागे, गप्प बसणाऱ्या पोरीला याहून मोठी हिंमत कुठली मिळणार?

सुरुवात कुठून करायची? जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालक असतात. पुढच्या बैठकीत तिथेच विचारा : शाळेचा टीव्ही चालू आहे का, नेटचा रिचार्ज कोण करणार आणि महिन्यातून एक तास लाईव्ह सहलीला देता येईल का?