उसातील बिबट्या आणि गोठ्याचे दार

जुन्नर तालुक्यात कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, उसाचे क्षेत्र वाढले आणि त्या दाट उसात बिबट्याने ठाण मांडले. आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष उभा असतो. बिबट्याची मादी तीन-साडेतीन महिन्यांत विते. तेव्हा एका पिकाच्या आडोशाने तिची पिले वाढून मोठी होतात, यात नवल ते काय?

शेतकरी बंधुहो, शेळी गेली की आपली पहिली मागणी पिंजऱ्याची असते. ती साहजिक आहे. दावणीची शेळी गेली की घरचे दूध जाते, आणि पोर अंगणात खेळू लागले तरी आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. परंतु या उपायाचा अनुभव काय, हेही पाहिले पाहिजे. सन १९९३ पासून जुन्नर भागात माणसांवर वर्षाकाठी सरासरी ४ हल्ले होत असत. फेब्रुवारी २००१ पासून बिबटे धरून दूरच्या रानात सोडण्यास आरंभ झाला, आणि हल्ले उणावण्याऐवजी १७ वर गेले! बिबट्या नेला तरी ऊस उभाच राहतो; मोकळी झालेली जागा दुसरा धरतो.

मग उपाय कोणता? अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांचे भक्ष्य पाहण्यात आले. त्यात वजनाने ३९ टक्के कुत्री निघाली, शेळ्या अवघ्या ११ टक्के. वास्तविक तेथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. कारण उघड आहे. शेळी रात्री आत बांधलेली असते, कुत्रे बाहेर हिंडते.

प्रस्तुत लेखकाच्या हातून महसुली कारकुनीत नुकसानीचे पुष्कळ कागद गेले. त्यांत एक वाक्य वारंवार येई : ‘गोठ्यास दार नाही.’ एका विधवा बाईच्या चार शेळ्या एका रात्रीत गेल्या. दारास जो खर्च आला असता, तो एका शेळीच्या किमतीहून कमी होता. तिचा कागद मीच पुढे पाठविला. परंतु कागदाने शेळ्या परत येत नाहीत.

सबब, गोठ्यास चारही बाजूंनी व वरून मजबूत जाळी ठोकावी. मेलेली जनावरे व उकिरडा वस्तीपासून दूर ठेवावा, म्हणजे मोकाट कुत्री जमणार नाहीत. दिवेलागणीनंतर मुलांना एकटे बाहेर सोडू नये. माणसावर हल्ला झाल्यास वनखात्यास तत्काळ कळवून पिंजरा अवश्य मागावा. परंतु तो अर्ज लिहिण्याची वेळ येण्यापूर्वीच गोठ्यास कडी लावावी.