मालकाने दुकान परस्पर विकलं, तर भाडेकरू काय करू शकतो? ‘राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल’ समजून घ्या

समजा, पुण्यात लक्ष्मी रोडवर एकाचं कापडाचं दुकान आहे. जागा भाड्याची, पण बारा वर्षांत गिऱ्हाईक जोडलेलं. एक दिवस अनोळखी माणूस येतो आणि सांगतो, “ही जागा मी विकत घेतली आहे. पुढच्या महिन्यापासून भाडं मला द्या.” भाडेकरारात तर लिहिलेलं होतं, ‘जागा विकायची झाल्यास आधी भाडेकरूला विचारावं.’ मग आता?

हा हक्क नेमका काय?

मालकाला बाहेरून ऑफर आली, की त्याच किमतीत आणि त्याच अटींवर जागा आधी भाडेकरूला देऊ करायची. त्याने नकार दिला, तरच दुसऱ्याला विकायची. कायद्याच्या मराठीत याच्या जवळचा शब्द आहे अग्रक्रयाधिकार.

पण केवळ वर्षानुवर्षं भाडेकरू आहोत म्हणून हा हक्क आपोआप मिळत नाही. तो करारात लिहिलेला असावा लागतो. अकरा-अकरा महिन्यांचे करार करणाऱ्यांनी प्रत्येक नव्या करारात हे कलम आहे ना, हे पाहायला हवं.

नवा मालक ‘मला माहीत नव्हतं’ म्हणाला तर?

वादाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १९ नुसार, आधीच्या कराराची माहिती नसताना, प्रामाणिकपणे पैसे मोजून मालमत्ता घेणाऱ्याला संरक्षण मिळतं.

मात्र मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३ सांगतं, की जागा प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला आहे असंच धरलं जाईल. म्हणजे दुकानात भाडेकरू बसलेला दिसत असताना त्याच्याकडे चौकशी न करणं खरेदीदाराला महागात पडू शकतं. ‘राम निवास विरुद्ध बानो’ या २००० सालच्या खटल्यात भाडेकरूचा मालकाशी जागा खरेदीचा करार होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावलं.

मालक वारला, तर हक्क संपतो का?

तसं नाही. ‘राम बरन प्रसाद विरुद्ध राम मोहित हाजरा’ या खटल्यात १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की करारातून आलेला असा हक्क वारसांवरही बंधनकारक असू शकतो. कराराची भाषा काय आहे, हे त्यात महत्त्वाचं ठरतं.

दाद किती दिवसांत मागायची?

मुदत कायद्याच्या अनुच्छेद ९७ नुसार अग्रक्रयाच्या दाव्याला फक्त १ वर्ष मिळतं. खरेदीदाराने प्रत्यक्ष ताबा घेतल्यापासून ते मोजतात. तसा ताबा देण्यासारखा नसेल, तर खरेदीखताची नोंदणी झाल्यापासून. त्यामुळे ‘बघू, बोलून मिटेल’ म्हणत थांबणं धोक्याचं.

करारात काय हवं?

मालकाने लेखी कळवावं, भाडेकरूने किती दिवसांत उत्तर द्यावं आणि पूर्ण इमारत एकत्र विकली तर त्यातल्या एका दुकानाची किंमत कशी ठरवावी, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. शेवटच्या मुद्द्यावर करार गप्प असेल, तर भांडण ठरलेलंच.

करार नोंदणीकृतही हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

आणि हक्क टिकला, तरी जागा फुकट मिळत नाही. बाहेरच्याने देऊ केलेली पूर्ण रक्कम भाडेकरूला उभी करावीच लागते.