शिफ्ट-डिलीट केलेला मेल परत येतो का?

आजचा प्रश्न मोहर्लीहून आलाय. ताडोबा गेटजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका श्रोत्याच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड आहे. त्यातले बुकिंगचे मेल कुणीतरी शिफ्ट दाबून डिलीट केले. पावसाळ्यात बंद असलेला कोअर १ ऑक्टोबरला उघडतो, आणि कोण कधी येणार हे त्याच मेलमध्ये!

मी म्हणेन, आधी थंडरबर्ड बंद करा. हा प्रोग्रॅम मेल लगेच पुसत नाही. एका फोल्डरचे सगळे मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये असतात. डिलीट केलेल्यावर फक्त खूण पडते. खरी पुसापुशी 'कॉम्पॅक्ट' झाल्यावर होते, आणि ते आपोआपही होतं बरं का.

आता प्रोफाइल फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. मग 'इनबॉक्स' नावाची, पुढे एक्स्टेन्शन नसलेली फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा (साधं नोटपॅड मोठ्या फाइलला दमतं) आणि पाहुण्याचं नाव शोधा. त्या मेलच्या सुरुवातीला 'एक्स-मोझिला-स्टेटस'पुढे ०००९ दिसेल, म्हणजे वाचलेला आणि डिलीट केलेला. त्याचं ०००१ करा, सेव्ह करा. शेजारची 'इनबॉक्स.एमएसएफ' उडवा, ती नुसती अनुक्रमणिका, परत बनते. थंडरबर्ड उघडा, मेल दिसेल.

हे पॉप खात्याचं झालं. आयमॅपवर जीमेल असेल तर आधी ब्राउझरमध्ये 'ऑल मेल' आणि ट्रॅश बघा. ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहतो.

कॉम्पॅक्ट होऊनच गेलं असेल, तर महागडं रिकव्हरी सॉफ्टवेअर घेण्याआधी पाहुण्यांनाच मेल फॉरवर्ड करायला सांगा. त्यांच्या 'सेंट'मध्ये तो बहुतेक असतोच.