अनागतविधान आणि अर्घकांड

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या या त्रैमासिकांत भविष्यकाळाविषयींचा लेख पाहून कित्येक वाचक चकित होतील. परंतु पुढें काय होणार याचा विचार मनुष्यानें मागें कोणत्या रीतीनें केला, हा प्रश्न भूतकाळाचाच होय, आणि त्याचीं साधनें आपल्याच दप्तरांतून पडून आहेत. पोथ्यांची याद करितांना काव्य, दर्शन, बखर, वंशावळ यांस मान मिळतो; महर्गतेचीं व स्वस्ताईचीं भाकितें सांगणारीं सुटीं पानें मात्र ‘किरकोळ ज्योतिष’ या सदराखालीं जातात, आणि जागा अपुरी पडली म्हणजे पहिली गदा त्यांवरच येते. हें कां घडूं नये, तें येथें सांगावयाचें आहे.

दुसर्‍या महायुद्धानंतर पाश्चात्य देशांत भविष्याध्ययन या नांवाचें एक शास्त्र उदयास आलें. त्याचा आरंभ लष्करी विचारांत झाला व पुढें तें व्यापारांत व अर्थकारणांत शिरलें. अमेरिकेंत १९४८ सालीं स्वतंत्र झालेल्या रँड या संस्थेंत ओलाफ हेल्मर व नॉर्मन डाल्की यांनीं एक रीति बसविली. ग्रीकांच्या देववाणीच्या स्थानावरून तिला डेल्फी हें नांव पडलें. तज्ज्ञांस एकत्र न बसवितां प्रत्येकास प्रश्नावली पाठवावयाची, उत्तरांचा गोषवारा सर्वांस पुन्हां दाखवावयाचा, परंतु कोणतें मत कोणाचें हें कळूं द्यावयाचें नाहीं. मोठ्या नांवाच्या दडपणाखालीं लहानाचें खरें मत दबूं नये हा हेतु. विद्वत्सभांतूनहि ही रीति उपकारक होईल असें आम्हांस अनेकदां वाटलें आहे! याच संस्थेंतील हर्मन कान यानें चित्रपटवाल्यांचा ‘सिनॅरिओ’ हा शब्द उचलून भविष्याच्या संभाव्य चित्रांस लाविला. फ्रान्सांत बेर्त्राँ द जूव्हनेल यानें १९६४ सालीं या तर्ककलेवर ग्रंथ लिहिला. या सर्वांचा विस्तार येथें नको.

ज्या उदाहरणानें व्यापारी मंडळींचें लक्ष या शास्त्राकडे वेधलें तें मात्र थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. रॉयल डच शेल या तेलाच्या कंपनींत पिएर वाक नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ नियोजनाचें काम पाहत असे. १९७१ च्या फेब्रुवारींत तेहरान येथें तेलाच्या भावाविषयीं पांच वर्षांचा करार झाला होता, व तेलव्यापारांतील बहुतेक मंडळी पुढील काळ मागच्यासारखाच जाईल असें धरून चालली होती. वाकनें तेल विकणार्‍या देशांच्या बाजूनें विचार केला. ज्या देशांत लोकवस्ती थोडी व उत्पन्न अफाट, त्यांनीं आणखी तेल उपसून मिळणार्‍या पैशाचें करावयाचें काय? तेल भूमींत ठेवणेंच त्यांस अधिक लाभाचें. असें असतां मागणी वाढत राहिली तर भाव भडकणें अटळ, असा त्याचा निष्कर्ष होता. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब व इस्रायल यांचें युद्ध जुंपलें, आणि पिंपास सुमारें ३ डॉलर असलेला भाव १९७४ च्या जानेवारींत ११.६५ डॉलरांवर गेला. युद्धाचा दिवस वाकनें वर्तविला नव्हता. वाळलेलें गवत त्यानें ओळखलें होतें. ठिणगी कोणीकडून पडेल हें त्यास सांगावयाचें नव्हतें.

वाकच्या पद्धतींतील मर्माची गोष्ट ही, कीं पहिल्या खेपेस त्यानें केवळ अनिश्चित बाबींचीं चित्रें काढून दिलीं तेव्हां व्यवस्थापकांस त्यांचा कांहींच उपयोग झाला नाहीं. मग त्यानें जें आधींच घडून चुकलें आहे, परंतु ज्याचा परिणाम अद्याप दिसलेला नाहीं, तें वेगळें काढण्यावर भर दिला. १९८५ सालच्या आपल्या लेखांत यास त्यानें दृष्टान्त दिला तो आपल्या गंगेचा. गंगेच्या वरच्या खोर्‍यांत मुसळधार पाऊस पडला म्हणजे दोन दिवसांत ऋषिकेशास, पुढें तीन-चार दिवसांनीं अलाहाबादेस आणि त्यानंतर दोन दिवसांनीं काशीस पूर येणार, हें निश्चितपणें सांगतां येतें. यांत दैवज्ञाचें कौशल्य नाहीं. पाऊस पडून गेलेला आहे, एवढेंच.

संस्कृताभ्यासी वाचकांस येथें पंचतंत्रांतील तीन मासे आठवतील. अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमति व यद्भविष्य हीं नांवें विद्यार्थ्यांकडून आम्ही किती वर्षें घोकून घेतलीं, आणि मुलांची सहानुभूति बहुधा तिसर्‍याकडेच असे. शांतिपर्वांत हीच कथा निराळ्या नांवांनीं आली आहे. परंतु कथेंतील एका गोष्टीकडे टीकाकारांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. अनागतविधात्यास भविष्य दिसलें नव्हतें. डोहाच्या कांठीं कोळ्यांचें बोलणें त्याच्या कानीं पडलें होतें. तें दुसर्‍या माशांनींहि ऐकिलें. ऐकिल्यावर रात्रींच डोह सोडणें, हें त्याचें विधान. वाक यास हा मासा खात्रीनें आवडला असता.

आतां कौटिल्य पाहूं. त्याचें अर्थशास्त्र आपल्या हातीं आलें तें तंजावराकडील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिलेल्या ताडपत्रामुळें. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं तें छापिलें. त्यांत कोष्ठागारांत एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं ठेवावयास सांगितलें आहे. सीताध्यक्षाच्या प्रकरणांत प्रदेशवार पर्जन्यमान दिलें आहे: जांगल देशांत १६ द्रोण, गोदावरीच्या परिसरांतील अश्मकांत साडेतेरा, अवंतींत २३, आणि अपरांतांत, म्हणजे आपल्या कोंकणांत, अमित. अश्मकाचा आंकडा जांगल देशाहूनहि उणा आहे, हें आपल्या पठारावरील दुष्काळ जाणणार्‍यास सांगावयास नको. पावसाचा एक तृतीयांश पहिल्या व शेवटच्या महिन्यांत आणि दोन तृतीयांश मधल्या दोहोंत पडला तर तें वर्ष चांगलें. पाऊस पाहून अधिक पाण्याचें कीं थोड्या पाण्याचें पीक पेरावें हें ठरवावयाचें. कोठारांतील अर्धा सांठा जानपदांच्या आपत्तीसाठीं राखावयाचा, व नवें धान्य येईल तसें जुनें काढून बदलावयाचें. तोच ग्रंथकार त्याच प्रकरणांत गुरु व शुक्र यांच्या स्थितीवरूनहि पावसाचें अनुमान करण्यास सांगतो, आणि अन्यत्र, नक्षत्रांस फार विचारीत बसणार्‍याच्या हातून अर्थ निसटतो असा टोलाहि देतो. म्हणजे ग्रहांस तो विचारतो, परंतु कोठार त्यांच्या भरंवशावर ठेवीत नाहीं.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील अर्घकांडाचा मार्ग याहून वेगळा. अर्घ म्हणजे मोल. सूर्य अमुक राशीस असतां अमुक चिन्ह दिसल्यास अमुक जिन्नस सांठवावा व अमुक महिन्यांत विकून लाभ घ्यावा, अशा स्वरूपाचीं तीं वचनें आहेत. पाडव्यास पंचांगांतून वाचिलें जाणारें सस्याधिपति, धान्याधिपति, रसाधिपति यांचें संवत्सरफल हें याच कुळांतलें. हीं भाकितें खरीं ठरत असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. एकच भविष्य निश्चित मानून त्यावर पुंजी लावणें आणि अनेक शक्यतांसाठीं कोठार राखणें या दोन वृत्ति आहेत. पहिलीस शास्त्राचें वस्त्र नेसविलें तरी ती अनागतविधान होत नाहीं. हाच निवाडा आजच्या आंकडेबाज भाकितांसहि लागू करावा असें आमचें मत आहे.

मग तीं पानें राखावयाचीं कशासाठीं? याचें उत्तर बाबिलोनच्या मातीच्या विटांत मिळतें. तेथील ज्योतिषी ग्रहांच्या वेधांबरोबरच नदीचें पाणी किती चढलें, आणि एका शेकेल रुप्यास सातू, खजूर, तीळ, लोंकर इत्यादि सहा जिनसा किती मिळाल्या, हें टिपून ठेवीत. उपलब्ध नोंदींपैकीं सर्वांत जुनी ख्रिस्तपूर्व ६५२ ची असून शेवटच्या ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील आहेत. साक्स व हुंगर या पंडितांनीं सिद्ध केलेलें त्यांचें प्रकाशन १९८८ पासून सुरू झालें, आणि आज अर्थशास्त्रज्ञ तेवढ्यावरून बाबिलोनच्या बाजाराची चढउतार अभ्यासितात. ग्रहफलाचें तत्त्व गेलें, भाव उरले. ज्या हातानें ते लिहिले त्यास हा उपयोग स्वप्नींहि नसावा.

म्हणून संग्राहकांस विनंति, कीं अर्घकांडाचें वा संवत्सरफलाचें पान, जुनें पंचांग, रोजकीर्द किंवा खतावणी हातीं आल्यास तिचा गठ्ठा फोडूं नये. भाकीत व प्रत्यक्ष भाव एकाच दप्तरांत सांपडले तर त्यांचें मोल दुप्पट होतें, कारण वाण्यानें भाकितावर विश्वास ठेवून माल भरला कीं नुसतें ऐकून सोडून दिलें, हें तेव्हांच कळेल. समासांतील मजकूर मुळाइतकाच काळजीपूर्वक उतरून घ्यावा, हात वेगळा असल्यास तसें लिहावें, शकाबरोबर संवत्सराचें नांव द्यावें व पान कोणत्या गांवच्या कोणत्या पेठेंतून आलें तें नमूद करावें. मापाचें नांव मुळांत असेल तसेंच ठेवावें, त्याचे शेर करूं नयेत. एका पेठेची पायली दुसर्‍या पेठेच्या पायलीशीं जुळेलच असें नाहीं.