जंतू मरावेत, बीजाणू जगावा
वाशिमच्या सोयाबीन-तुरीच्या मुळांत मायकोरायझा बुरशी राहते आणि मुळांच्या पलीकडच्या मातीतला स्फुरद पिकाला पोचवते. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही. म्हणून प्रयोगशाळेत तिचे निर्जंतुक बीजाणू मुळांसोबत वाढवतात. निर्जंतुक करण्यासाठी उकळले, तर जंतूंसोबत बीजाणूही मरतो. त्यामुळे ओल्या चाळणीने मातीतून वेगळे केलेले बीजाणू क्लोरामाइन-टी या जंतुनाशकाच्या २ टक्के द्रावणात थोडा वेळ बुडवतात, स्ट्रेप्टोमायसिनसारख्या प्रतिजैविकात ठेवतात आणि निर्जंतुक पाण्याने धुतात. पृष्ठभागावरचे जंतू मरतात; जाड भिंतीमुळे आतला जीव वाचतो. वेळ लांबली, तर मात्र उगवण घटते. म्हणून काही बीजाणू अगार माध्यमावर ठेवून उगवण तपासायलाच हवी. या बुरशीचे कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पडणारे जैविक खत शुद्धही हवे आणि जिवंतही.