छत्रीच्या माथ्यावरचे भोक

कन्नडात छत्रीला 'कोडे' म्हणतात. मराठीत कोडे म्हणजे न सुटलेला प्रश्न. पॅराशूटच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. पॅराशूटचे काम हवा अडविण्याचे. मग गोल पॅराशूटच्या बरोबर माथ्यावर मुद्दाम भोक का ठेवतात? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून हा प्रश्न जमाखर्चाच्या वहीतच मांडून पाहिला.

प्रथम खर्चाची बाजू. समजा, छत्रीचा व्यास ८ मीटर आणि भोकाचा ८० सेंटिमीटर. व्यास एकदशांश, म्हणजे क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा. हवेचा रोध ढोबळमानाने १ टक्का घटला. परंतु रोध हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून उतरण्याचा वेग फक्त अर्धा टक्का वाढतो. सेकंदाला ५ मीटरचा वेग ५.०२५ मीटर होईल, इतकेच!

आता जमेची बाजू. आंद्रे-जाक गार्नेरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे फुग्यातून पॅराशूटने उडी घेतली. त्याच्या छत्रीला भोक नव्हते. तो सुखरूप उतरला खरा, पण वाटेत त्याची टोपली लंबकासारखी भयंकर झोके खात होती. कारण उघड आहे. माथा बंद असला की कोंडलेली हवा काठाखालून निसटते, तीही सर्व बाजूंनी सारखी नव्हे. कधी इकडून, कधी तिकडून. त्यामुळे छत्री आळीपाळीने दोन्हीकडे कलते. माथ्यावर वाट ठेवली की थोडी हवा मधून सरळ वर जाते आणि हेलकावे कमी होतात. शिवाय छत्री फटकन उघडताना माथ्याच्या कापडावर येणारा ताणही हलका होतो.

मग भोक मोठेच का करू नये? व्यासाच्या निम्मे भोक केले तर पाव क्षेत्रफळ गेले. वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढेल आणि जमिनीवर आदळण्याची ऊर्जा एकतृतीयांशाने. पायाचे हाड हा हिशेब मान्य करणार नाही. विमानाला ब्रेक लावणाऱ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्यांत मात्र फटी भरपूर ठेवतात. सलग कापडाच्या गोल छत्रीचा रोधगुणांक ०.७५ ते ०.८०, तर पट्ट्यांच्या छत्रीचा ०.४५ ते ०.५०; पण ती जवळजवळ डोलतच नाही. तेथे स्थैर्य महत्त्वाचे, म्हणून एवढा खर्च परवडतो.

हा हिशेब आपल्याला परका नाही. आपल्या बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन '२ पॅरा' झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी याच पलटणीचे जवान पूर्व बंगालात टांगाईलजवळ उतरले आणि त्यांनी पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. उतरल्याबरोबर लढायचे असेल, तर जवान धडधाकट पायांवर उभा राहिला पाहिजे. त्यासाठी शंभरातला एक हिस्सा हवेला सोडून देणे महाग नव्हे.